सूर्याआडचे शेंडेनक्षत्र

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतला त्या दिवशी सूर्य सहाच्या सुमारास मावळला. सोने लुटायला बाहेर पडायची हीच वेळ. सीमोल्लंघन परंपरेने ईशान्येला करायचे असते, म्हणजे पाठ साधारण पश्चिमेकडे. त्याच संध्याकाळी पश्चिमेला, क्षितिजाजवळच्या तांबूस धुरकटपणात, त्सुचिनशान-अ‍ॅटलास नावाचा धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे सात कोटी किलोमीटरवर आला होता. याहून जवळ तो येणार नव्हता. पुन्हा आलाच तर हजारो वर्षांनी. आपट्याची पाने हातात घेतलेल्या किती जणांनी वळून पाहिले असेल, आणि वळून पाहणाऱ्यांपैकी किती जणांना काही दिसले असेल?

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे. धूमकेतू आला म्हणजे तो दिसतोच असे नाही. जे धूमकेतू सूर्याच्या अगदी जवळून जातात, त्यांच्या बाबतीत तर गंमत अशी की ते सर्वांत तेजस्वी असतात तेव्हाच दिसण्याची शक्यता सर्वांत कमी असते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो इथे शब्दशः खरा ठरतो. वर्तमानपत्रांत ‘उघड्या डोळ्यांनी दिसणार’ असा मथळा येतो, लोक गच्चीवर चढतात, मान दुखेपर्यंत पाहतात आणि खाली उतरताना खगोलशास्त्रज्ञांच्या नावाने बोटे मोडतात. शास्त्रज्ञ बहुधा चुकलेले नसतात. मथळ्यातून ‘कुठून’, ‘किती वाजता’ आणि ‘कितीसा’ हे तीन शब्द गळालेले असतात.

मराठी मुलखाच्या इतिहासात या लपंडावाचा सर्वांत मोठा दाखला शिवछत्रपतींच्या मृत्यूच्या वर्षातला आहे. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले. कृष्णाजी अनंत सभासदाने पुढे जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली, ती १६९७ च्या सुमारास. निधनाच्या दिवशी झालेल्या उत्पातांची जी यादी तो देतो, तीत भूकंप आहे, उल्कापात आहे, रात्रीची इंद्रधनुष्ये आहेत आणि आकाशात उगवलेला धूमकेतूही आहे. त्या वर्षी जगभर गाजलेला धूमकेतू मात्र एप्रिलचा नव्हता. जर्मनीतल्या कोबुर्ग गावी गॉटफ्रीड किर्ख याने तो १४ नोव्हेंबर १६८० च्या पहाटे पाहिला. दुर्बिणीतून शोधला गेलेला हा पहिला धूमकेतू. म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सात महिन्यांनी.

सतराएक वर्षांनी आठवणी लिहिताना सभासदाच्या मनात ते सात महिने पुसले गेले असावेत, असा तर्क करायला जागा आहे. थोराच्या मृत्यूला आकाशानेही साक्ष द्यावी, ही बखरकारांची रीतच होती. आणि तो धूमकेतू विसरण्याजोगा नव्हताच. १८ डिसेंबर १६८० ला तो सूर्याच्या केंद्रापासून नऊ लाख किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरावरून गेला. सूर्याची त्रिज्याच सात लाख किलोमीटर आहे, तेव्हा पृष्ठभागापासूनचे अंतर पृथ्वी-चंद्राच्या अंतराहून कमी भरले. वळण घेताना त्याचा वेग सेकंदाला पाचशे किलोमीटरच्या पुढे होता. डिसेंबरअखेरीस तो संध्याकाळच्या पश्चिमेला आला तेव्हा शेपटी सत्तर अंशांच्या आसपास पसरलेली होती, म्हणजे क्षितिजापासून जवळजवळ डोक्यापर्यंत. १६ जानेवारी १६८१ ला रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या दिवसांतही तो मावळतीच्या आकाशात मंदावत होता. बखरीत धूमकेतू मृत्यूशी जोडला गेला. तारखा लावून पाहिल्या तर तो राज्याभिषेकाच्या अधिक जवळचा होता.

याच धूमकेतूने आयझॅक न्यूटनलाही फसवले. नोव्हेंबरात पहाटे सूर्याकडे धावत जाणारा एक धूमकेतू दिसला. तो उजेडात बुडाला. डिसेंबरात संध्याकाळी सूर्यापासून दूर जाणारा एक दिसला. ग्रिनिचच्या वेधशाळेतला जॉन फ्लॅमस्टीड म्हणत होता की हा एकच, सूर्याजवळून परत फिरलेला. न्यूटन आधी दोन मानत होता. नंतर त्याने मत बदलले, आणि १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त याच धूमकेतूची कक्षा मांडून दाखवली. मधले काही दिवस धूमकेतू सूर्याच्या उजेडात दडला नसता तर हा वाद झालाच नसता.

न्यूटनच्या हजार-अकराशे वर्षे आधी वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त केतुचार नावाचा अख्खा अध्याय लिहिला. गर्ग, पराशर, असित, देवल यांची मते सांगून केतूंचे दिव्य, आंतरिक्ष आणि भौम असे भेद केले, कोणता केतू कोणत्या देशाला बाधतो याच्या याद्या दिल्या. त्या याद्या आज कुणी मनावर घेऊ नयेत. त्याच अध्यायाच्या आरंभी मात्र तो स्वच्छ कबुली देतो की केतूचा उदय आणि अस्त गणिताने काढता येत नाही. ग्रहणे गणिताने वर्तवणाऱ्या परंपरेतला माणूस एवढे मोकळेपणाने म्हणतो, हे त्याच्या भाकितांपेक्षा मोलाचे आहे. आज उदयास्त काढता येतात. तेज मात्र अजूनही नीट काढता येत नाही. ते का, हे पाहण्याआधी धूमकेतू म्हणजे काय हे थोडक्यात.

मोल्सवर्थच्या शब्दकोशातही सापडणारा जुना मराठी शब्द शेंडेनक्षत्र. शेंडी असलेले नक्षत्र. ‘धूमकेतू’ ग्रंथातून आला. शेंडेनक्षत्र अंगणातून पाहणाऱ्या माणसाचे वाटते, आणि तेच जास्त बरोबर आहे, कारण धूर तिथे नसतोच. बर्फ, धूळ आणि गोठलेल्या वायूंचा काही किलोमीटरांचा, कोळशासारखा काळा गोळा सूर्याकडे येऊ लागला की तापतो. बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होते, वाफेबरोबर धूळ उडते आणि गोळ्याभोवती हजारो किलोमीटरांचे धुके जमते. धूळ सूर्यप्रकाशाच्या दाबाने मागे लोटली जाऊन एक वाकडी, पिवळसर शेपटी होते. विद्युतभारित वायू सौरवाऱ्याने उडून दुसरी, सरळ आणि निळसर होते. दोन्ही सूर्याच्या विरुद्ध दिशेला. म्हणून सूर्याकडून परतणारा धूमकेतू शेपटी पुढे करून चालतो, एखाद्या माणसाने वाऱ्याकडे पाठ करावी आणि उपरणे पुढे उडावे तसा.

आता हिशेब. धूमकेतूचे सूर्यापासूनचे अंतर निम्मे झाले की त्याचे तेज ढोबळमानाने सोळा पट वाढते, कारण प्रकाशही जास्त पडतो आणि वाफही जास्त उडते. म्हणजे सूर्याजवळ जाणारा धूमकेतू भडकणार हे नक्की. अडचण दुसरीकडे आहे. आकाशात सूर्य आणि एखादी ज्योती यांच्यामधल्या कोनाला पंचांगवाले इनांतर म्हणतात. इन म्हणजे सूर्य. पृथ्वी-सूर्य अंतराच्या चार दशांशावर येणाऱ्या ज्योतीचे इनांतर तिथे असताना तेवीस-चोवीस अंशांपुढे जातच नाही. बुध ग्रह कित्येकांनी आयुष्यात पाहिलेला नसतो तो याच कारणाने. एक दशांशावर आलेल्या धूमकेतूला सहा अंशांच्या आतच राहावे लागते. १६८० चा धूमकेतू सूर्याला चिकटला होता तेव्हा हा कोन अर्ध्या अंशाहूनही कमी होता.

वसमत साधारण १९.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. विषुवदिनाच्या आगेमागे इथला सूर्य मावळल्यावर तासाला चौदा अंशांच्या वेगाने खाली जातो. लंडनला हाच वेग नऊ अंशांच्या आसपास. त्यामुळे तिकडे संधिप्रकाश रेंगाळतो आणि आपल्याकडे दिवेलागण होते न होते तोच काळोख पडतो. मोठे तारे नीट दिसायला सूर्य निदान दहा-बारा अंश खाली जावा लागतो. वसमतला त्याला पाऊण तास ते पन्नास मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात धूमकेतूही खाली सरकलेला असतो. इनांतर बारा अंशांच्या आत असेल तर अंधार पडेपर्यंत धूमकेतू स्वतःच मावळतो. मग तो शुक्राइतका तेजस्वी असल्याशिवाय कुणाच्या नजरेस पडत नाही. आपल्या बाजूने एक गोष्ट आहे. या अक्षांशावर सूर्याचा मार्ग क्षितिजाशी बऱ्यापैकी उभा असतो. त्यामुळे सूर्याजवळची ज्योती बहुतेक वेळा सूर्याच्या वरच्या अंगाला राहते, युरोपातल्यासारखी आडवी, क्षितिजाला घासत जात नाही. बुध पाहायचा तर मराठवाडा लंडनपेक्षा केव्हाही बरा.

दसऱ्याच्या धूमकेतूचे गणित याच नियमाने चालले. चीनच्या पर्पल माउंटन वेधशाळेने ९ जानेवारी २०२३ ला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीने त्याच फेब्रुवारीत तो पाहिला, म्हणून जोडनाव. २७ सप्टेंबर २०२४ ला तो सूर्याला सर्वांत जवळ होता, बुधाच्या सरासरी अंतराइतक्या अंतरावर. ९ ऑक्टोबरला तो पृथ्वी आणि सूर्य यांच्या जवळजवळ मध्ये आला. उन्हात खिडकीतून येणाऱ्या तिरिपेत धुळीचे कण समोरून चमकतात, पाठीमागून पाहिले तर दिसत नाहीत. तसेच झाले. धुळीने प्रकाश पुढे फेकला आणि धूमकेतू शुक्राच्याही तोडीचा झाला. पण इनांतर साडेतीन अंश. सूर्यबिंब झाकून आसमंत टिपणाऱ्या सोहो यानाच्या कॅमेऱ्याने त्याचे डोळे दिपवणारे चित्र घेतले. जमिनीवरच्या माणसाला काहीच नाही.

मग तीन-चार दिवसांत तो झपाट्याने वर चढला. १४ आणि १५ ऑक्टोबरला मावळतीला शुक्र आणि स्वाती यांच्या मध्ये तो उघड्या डोळ्यांना दिसत होता. शेपटी वर, किंचित डावीकडे कललेली. तेज मात्र रोज उतरत होते. आणि १६ ला कोजागरी. आटवलेल्या दुधात चंद्र पाहायचा तर धूमकेतू फिका पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. चंद्र उशिरा उगवू लागेपर्यंत तो भुजंगधारी तारकासमूहात जाऊन मंद झाला होता. म्हणजे महाराष्ट्रात नीट दिसण्याचे दिवस मोजून पाच-सहा. त्यातच परतीचा पाऊस.

याच धूमकेतूबद्दल जुलै २०२४ मध्ये धूमकेतूंचा दांडगा अभ्यासक झ्देनेक सेकानिना याने जाहीर केले होते की तो सूर्यापर्यंत पोहोचण्याआधीच विखरून जाणार, शेवट अटळ आहे. धूमकेतूने हे वाचलेले नसावे. तो सुखरूप गेला. सेकानिनाला हसण्याचे कारण नाही. त्याने आयुष्यभर या विषयात जे काम केले आहे त्यावरच आजच्या बहुतेक गोष्टी उभ्या आहेत. उलट बाजूची चूक जास्त वेळा झालेली आहे. मार्च १९७३ मध्ये लुबोश कोहौतेकने शोधलेला धूमकेतू ‘शतकातला धूमकेतू’ म्हणून गाजवला गेला. २८ डिसेंबर १९७३ ला तो सूर्याजवळून गेला, स्कायलॅबमधल्या अंतराळवीरांनी तो पाहिला, आणि जमिनीवरच्या लोकांना जानेवारीत एक मंद पुंजका दिसला. चाळीस वर्षांनी तीच गत आयसॉनची. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याचा शोध लागला, पुन्हा तेच ‘शतकातला’ हे बिरुद. २८ नोव्हेंबर २०१३ ला तो सूर्याच्या पृष्ठभागापासून बारा लाख किलोमीटरांच्या आतून गेला, आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आला तो धुळीचा एक ढग. काही दिवसांत तोही विरला. त्याच महिन्याच्या ५ तारखेला मंगळयान निघाले होते. डिसेंबरच्या पहाटेसाठी दुर्बिणी पुसून ठेवलेल्या मंडळींना मंगळयानाच्या बातम्यांवर समाधान मानावे लागले.

हे अंदाज का चुकतात? गोळा आतून कसा आहे, घट्ट की भुसभुशीत, हे दुरून कळत नाही. पहिल्यांदाच सूर्याकडे येणारा धूमकेतू लांब असतानाच वरवरच्या हलक्या वायूंमुळे भडकतो आणि अपेक्षा वाढवतो. साठा संपला की थंडावतो. पुन्हा सूर्याजवळ दुहेरी मार असतो. उष्णतेने वाफ सुटते ती निराळी, आणि सूर्याचे गुरुत्वाकर्षण जवळच्या बाजूला जास्त व लांबच्या बाजूला कमी ओढते, त्या ताणाने गोळा उसवतो. लाडू घट्ट वळला असेल तर टिकतो. सैल असेल तर चुरा.

सूर्याला घासून जाणाऱ्या धूमकेतूंचे एक मोठे घराणेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाइनरिश क्रॉइट्झ या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने दाखवले की १८४३, १८८० आणि १८८२ चे मोठे धूमकेतू जवळजवळ एकाच वाटेने आले. एखादा प्रचंड पूर्वज फुटला आणि त्याचे तुकडे शतकानुशतके त्याच वाटेने येत राहिले, असे आज मानतात. (१६८० चा धूमकेतू मात्र या घराण्यातला नव्हे.) १८८२ चा तर असा होता की १७ सप्टेंबरला केप ऑफ गुड होपच्या वेधशाळेतल्या फिनले आणि एल्किन यांनी भर दिवसा दुर्बिणीतून त्याला सूर्याच्या कडेपर्यंत जाताना पाहिले, आणि कडेला टेकताच तो नाहीसा झाला. सूर्यबिंबावरून जाताना त्याचा ठिपकासुद्धा दिसला नाही, इतका त्याचा गाभा लहान. याच धूमकेतूची छायाचित्रे डेव्हिड गिलने घेतली. त्यांत धूमकेतूमागचे तारे इतके स्वच्छ उमटले की आकाशाचे नकाशे छायाचित्रांवरून करावेत ही कल्पना जोर धरू लागली.

त्याच घराण्यातला इकेया-सेकी १९६५ चा. काओरू इकेया आणि त्सुतोमू सेकी या दोन जपानी हौशी निरीक्षकांनी तो सप्टेंबरात शोधला. २१ ऑक्टोबरला तो सूर्याच्या पृष्ठभागापासून साडेचार लाख किलोमीटरांवरून गेला आणि भर दुपारी, सूर्य हाताने झाकला की शेजारी दिसत होता. इनांतराचे सगळे गणित मोडून काढणारे असे धूमकेतू शतकात मोजकेच. वळसा घेताना त्याचे तुकडे झाले, तरी ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरात पहाटे त्याची लांबलचक शेपटी पूर्वेला उभी राहत होती. कोडाईकनालच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णपट घेतले.

बाप्पूंचे नाव निघाले म्हणून वसमतच्या वाचकासाठी थोडे थांबायला हवे. बाप्पूंच्या लहानपणी वसमत परभणी जिल्ह्यात आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्या संस्थानाची स्वतःची वेधशाळा होती. नवाब जफर जंगांनी १९०१ मध्ये हैदराबादेत सुरू केलेली निजामिया वेधशाळा १९०८ मध्ये सरकारकडे आली. बाप्पूंचे वडील तिथेच नोकरीला. मुलगा त्या दुर्बिणींच्या सावलीत वाढला, निजाम कॉलेजात शिकला. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले, आणि १९४९ मध्ये हा बावीस वर्षांचाही न झालेला तरुण हार्वर्डला गेला. तिथे २ जुलै १९४९ च्या रात्री घेतलेल्या तबकडीवर त्याला धूमकेतू सापडला. बाप्पू-बॉक-न्यूकर्क या नावाने तो नोंदला गेला. भारतीय नाव लागलेला धूमकेतू असा मराठवाड्याच्या जुन्या राजधानीत वाढलेल्या मुलाचा आहे. मराठवाड्याच्या पाठ्यपुस्तकी इतिहासात रझाकार असतात, असायलाच हवेत. त्यांच्याशेजारी निजामियाला दोन ओळी मिळाल्या तर बिघडणार नाही.

आता वसमतच्या शिवारात उभे राहून पाहू. काळ्या मातीचा, पूर्णेकाठचा हा बराचसा सपाट पट्टा. क्षितिजाजवळची ज्योती पाहायला अशीच जागा लागते. पुण्या-मुंबईच्या माणसाला पश्चिमेचे मोकळे क्षितिज शोधायला घाट चढावा लागतो किंवा समुद्र गाठावा लागतो. इथे गावाबाहेर एखाद्या शेताच्या बांधावर गेले की काम होते, फक्त वाढलेला ऊस आडवा येऊ नये. नांदेडच्या दिव्यांचा उजेड आग्नेयेला राहतो, म्हणजे संध्याकाळच्या धूमकेतूला तो नडत नाही. भारनियमन हा शब्द उच्चारताच माणसे चिडतात आणि योग्यच चिडतात. पण आकाश पाहणाऱ्याला दिवे गेलेली रात्र पर्वणी असते, हे त्यांच्यासमोर बोलू नये इतकेच.

पहाटेच्या धूमकेतूचा इथला खरा साक्षीदार निराळाच आहे. शेतीपंपांची थ्री-फेज वीज पाळीने रात्री येते तेव्हा हळदीला नाहीतर गव्हाला पाणी द्यायला बॅटरी घेऊन शिवारात गेलेला शेतकरी. तो झुंजुमुंजू होईपर्यंत उघड्या आकाशाखाली असतो, डोळे अंधाराला सरावलेले असतात. शहरातल्या निरीक्षकाने गजर लावून मिळवायची ती वेळ आणि तो अंधार त्याला नाइलाजाने मिळतो.

हवा मात्र इथली लहरी. जून ते सप्टेंबर हिशेबातच धरू नयेत. जुलै २०२० मध्ये निओवाइज धूमकेतू उत्तर भारतातून, मोकळे आकाश मिळाले तिथे, छान दिसला. महाराष्ट्रात बहुतेकांनी तो फोनवरच पाहिला. ऑक्टोबर बेभरवशाचा. २०२५ च्या ऑक्टोबरात लेमन नावाचा धूमकेतू पृथ्वीला सर्वांत जवळ आला तो २१ तारखेला, म्हणजे नेमका लक्ष्मीपूजनाला. अमावास्येची रात्र, चंद्राचा त्रास नाही. पण चौथ्या प्रतीच्या आसपासचा तो मंद पुंजका पश्चिमेला खाली, आणि गावावर फटाक्यांचा धूर. त्याआधीच्या महिन्यातल्या अतिवृष्टीने मराठवाडा आडवा झालेला. कुणाचे लक्ष आकाशाकडे असते तर ते ढग पाहायला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सर्वांत चांगले दिवस. साखर कारखान्यांची गाळपे सुरू झालेली असतात आणि थंडीत धूर खाली बसतो, म्हणून गावापासून चार-पाच किलोमीटर दूर जावे. मार्चनंतर हळद शिजवायला ठिकठिकाणी जाळ पेटतात आणि उन्हाळी धुळीने क्षितिज गढूळ होते.

पाहणाऱ्यासाठी साहित्य फार लागत नाही. दहा गुणिले पन्नासची बायनॉक्युलर पुरे, मोठी दुर्बीण या कामाला उलट अडचणीची, कारण तिच्यात आकाशाचा तुकडाच लहान दिसतो. एका गोष्टीत मात्र तडजोड नाही. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय बायनॉक्युलर पश्चिमेला लावायची नाही आणि पहाटे सूर्य उगवण्याआधी ती खाली ठेवायची. सूर्याजवळचा धूमकेतू शोधताना बिंब चुकून नजरेत आले तर डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि इकेया-सेकीसारखे दुपारचे दर्शन ऐकून कुणी तो प्रयोग मुलांसमोर करू नये.

काही धूमकेतू आपल्यासाठी नसतातच, हेही मान्य करावे लागते. १३ जानेवारी २०२५, भोगीचा दिवस. अ‍ॅटलासचाच दुसरा एक धूमकेतू, सी/२०२४ जी३, सूर्यापासून दीड कोटी किलोमीटरांच्या आत आला आणि शुक्राच्या जवळपास उजळला. आपल्याकडे तो सूर्यापासून पाच-सहा अंशांवर. पुढच्या आठवड्यात त्याची मोठी पंख्यासारखी शेपटी दक्षिण गोलार्धातल्या लोकांनी पाहिली, गाभा फुटून डोके नाहीसे झाले तरी शेपटी शाबूत होती. २००७ च्या जानेवारीत मॅकनॉट धूमकेतूचेही असेच झाले होते. आणि डिसेंबर २०११ मध्ये लव्हजॉय. टेरी लव्हजॉय या ऑस्ट्रेलियन हौशी निरीक्षकाने तो शोधला, १६ डिसेंबरला तो सूर्याच्या पृष्ठभागापासून अवघ्या एक लाख चाळीस हजार किलोमीटरांवरून गेला, सगळ्यांनी त्याला मूठमाती दिली आणि तो पलीकडून बाहेर आला. दोन दिवसांत गाभा विरघळला, शेपटी दक्षिणेच्या पहाटेला नाताळपर्यंत झळकत राहिली. तिकडच्या माणसांचे भाग्य.

जमिनीवरून जे दिसत नाही ते आता अवकाशातून रोज दिसते. डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेल्या सोहो यानाने सूर्यबिंब एका चकतीने झाकून भोवतालचे आकाश टिपायला सुरुवात केली, आणि मार्च २०२४ पर्यंत त्याच्या चित्रांतून पाच हजार धूमकेतू सापडले. बहुतेक क्रॉइट्झ घराण्यातले, घराएवढे नाहीतर टेकडीएवढे तुकडे, सूर्याजवळ जाऊन संपणारे. ते शोधणारे बरेचसे घरबसल्या संगणकावर चित्रे तपासणारे हौशी लोक. भारताचे आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ पासून पंधरा लाख किलोमीटरांवरून सूर्यावर नजर ठेवून आहे. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत घडली, आणि व्हीईएलसी हे दुसरे उपकरण सूर्याच्या कडेलगतचा, सूर्यत्रिज्येच्या तिपटीपर्यंतचा प्रदेश पाहते. फिनले आणि एल्किन यांच्या नजरेतून धूमकेतू निसटला तो याच प्रदेशात. वसमतपासून जवळच, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे. तिचा धूमकेतूंशी काही संबंध नाही, तिला प्रकाशच दिसत नाही, ती गुरुत्वीय लहरींची चाहूल घेणार. पण त्यानिमित्ताने हिंगोली जिल्ह्यातल्या शाळांत आकाशाचा विषय निघत असेल तर त्याचा फायदा उठवावा.

भीतीचा मुद्दा शेवटी उरतो. नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेत एक हौशी निरीक्षक धूमकेतू शोधतो, तो पृथ्वीवर आदळणार असे गणित निघते, शास्त्रज्ञ अणुस्फोटाने त्याची वाट वळवतात, आणि घरी मात्र श्रेय यज्ञाला मिळते. कथा जुनी झाली, घर तेच आहे. तरी एक बदल दिसतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, मुंबईचे खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या आगमनाच्या सुमारास १९८५ पासून, अशा संस्थांनी लोकांना दुर्बिणीला डोळा लावायला शिकवले. २०२४ च्या दसऱ्याला महाराष्ट्रात कुणी अनिष्टाची शांती मोठ्या प्रमाणावर केल्याचे ऐकिवात नाही. तक्रार होती ती दिसत नाही याची.

हॅलेनेही १९८६ मध्ये हीच तक्रार करायला लावली होती. ९ फेब्रुवारीला तो सूर्याला सर्वांत जवळ होता तेव्हा पृथ्वी नेमकी सूर्याच्या पलीकडे होती. दोन हजार वर्षांतले ते त्याचे सर्वांत वाईट दर्शन. पुढच्या खेपेला, २०६१ मध्ये, पृथ्वी आणि हॅले सूर्याच्या एकाच बाजूला असतील आणि तो मोठ्या ताऱ्यांइतका उजळेल. सूर्याला सर्वांत जवळ येण्याची तारीख निघालेली आहे, २८ जुलै २०६१, गुरुवार. वसमतला तेव्हा हळद गुडघाभर झालेली असेल, आणि आकाश मोकळे असावे अशी इच्छा त्या आठवड्यात शिवारात कुणीही करणार नाही.